डाव्या ओटीपोटातलं न हटणारं दुखणं: तीव्र डायव्हर्टिक्युलायटिसचा माझा अनुभव

बेंबीपासून डावीकडे खाली तिरकी रेघ ओढली तर ती कमरेच्या हाडाला जिथे भिडते, त्याच्या तीन-चार बोटं अलीकडे मला दुखत होतं. जागा इतक्या नेमकेपणानं सांगते, कारण पुढचं सगळं निदान तिथूनच सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये मला तीव्र डायव्हर्टिक्युलायटिस झाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्यांना सूज आणि जंतुसंसर्ग. हे नाव मी आधी ऐकलं नव्हतं. घरात, सोसायटीत, गल्लीत ज्यांना सांगितलं त्यांनीही ऐकलं नव्हतं. पोटात दुखतंय म्हटलं की आपल्याकडे गॅस, पित्त, मूतखडा, अपेंडिक्स, आणि बाईमाणूस असेल तर गर्भपिशवी, एवढीच यादी निघते. या यादीत अजून एक नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून बरी झाल्यावर हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

मी ५२ वर्षांची. आम्ही खानापुरात राहतो. मी एका सहकारी सोसायटीत हिशेब बघते, त्यामुळे तारखा आणि पावत्या जपून ठेवायची सवय आहे. खालच्या तारखा त्या फाइलमधूनच घेतल्या आहेत.

राखीपौर्णिमा शनिवारी, ९ तारखेला झाली. रविवारी दुपारनंतर डाव्या बाजूला खाली ठसठस सुरू झाली. आधीचे दोन-तीन दिवस पोट नीट साफ होत नव्हतं, थोडं फुगलंही होतं, म्हणून सगळ्यांनी गॅसच धरला. जाऊबाई म्हणाल्या, "ओवा चावून खावा, आणि रात्री एरंडेल घ्या की. सकाळी मोकळं होईल." ओवा खाल्ला. एरंडेलाच्या वासानंच मळमळलं, त्यामुळे ते राहिलं. आतड्याला अशी सूज असताना जुलाबाचं औषध किंवा एनिमा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे पुढे सर्जननी सांगितलं.

त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. गॅसचं दुखणं फिरतं. कळ येते, जाते, कधी बरगडीखाली तर कधी बेंबीजवळ, आणि वारा सरला की हलकं वाटतं. हे दुखणं जागचं हललंच नाही. डाव्या कुशीवर वळलं की वाढायचं, खोकला आला की चमक मारायची. झोपेतून जाग आली तरी ते तिथेच, तेवढंच. मूतखड्याचं दुखणं मी ह्यांच्यात बघितलेलं आहे. त्यात माणूस तळमळतो, एका जागी बसू शकत नाही, कळ पाठीतून जांघेत उतरते. मला उलट हलायलाच नको वाटत होतं.

सोमवारी सकाळी अंगात कणकण वाटली म्हणून थर्मामीटर लावला. १००.८. इथून मी एका कागदावर वेळ, ताप, दुखण्याची जागा, शौचाला झाली का, काय खाल्लं, हे लिहायला सुरुवात केली. हिशेब ठेवणाऱ्या बाईची ती सवयच. कुणाच्याही पोटाचं दुखणं अर्ध्या दिवसाहून जास्त टिकलं तर हे नक्की करा. दवाखान्यात ताप कधीपासून, किती, असं विचारतात तेव्हा दुखणाऱ्या माणसाला नीट आठवत नाही, आणि सोबतचे वेगळंच काहीतरी सांगतात.

सकाळी घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले. पोटाला हात न लावता आम्लपित्ताची आणि गॅसची गोळी मिळाली. दुपारपर्यंत फरक नाही. भूक पार मेलेली, दोन वेळा कोरड्या उमाळ्या आल्या. शिवाय सारखी लघवीची भावना व्हायची आणि गेलं की थोडीशीच. त्यामुळे मलाही वाटलं की लघवीचा संसर्ग असेल. मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग, सिग्मॉइड, मूत्राशयाला खेटूनच असतो. तो सुजला की मूत्राशय चाळवतं, हे नंतर कळलं. संध्याकाळी थंडी वाजून १०१.४ झाला.

मंगळवारी, १२ तारखेला, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवशी अंगारकी, त्यामुळे दवाखान्यात गर्दी कमी होती आणि त्यांनी निवांत तपासलं. आधी म्हणाले, "वैनी, एका बोटानं दाखवा, सगळ्यात जास्त कुठं दुखतंय." मी दाखवलं. मग त्यांनी दुसऱ्या टोकापासून, म्हणजे उजवीकडून वर, हळूहळू चाचपत शेवटी त्या जागी हात आणला. दाबलं तेव्हा दुखलंच, पण त्यांनी हात झटकन उचलला तेव्हा त्याहून जास्त दुखलं. त्यानंतर टाचा उचलून धप्पकन खाली टाकायला सांगितल्या. टाचा टेकल्या आणि त्याच जागी कळ गेली. पोटाच्या आतलं आवरण सूज धरायला लागलं की असं होतं, म्हणाले. त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे: "हेच उजवीकडं असतं तर मी अपेंडिक्स म्हटलं असतं. डावीकडं आहे, ताप आहे, पन्नाशी उलटलीय. आजच बेळगावला जावा, सीटी स्कॅन करून घ्या." चिठ्ठी लिहून दिली. तिथे पोचेपर्यंत काही खायचं नाही, आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घ्यायची नाही, हेही बजावलं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी या आजारात आतड्याला छिद्र पडायचा धोका वाढतो. ताप फारच वाढला तर पॅरासिटामॉल, तेवढंच.

खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. एरवी तो रस्ता कधी संपतो कळत नाही. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधक आणि प्रत्येक खड्डा पोटात कळला. पिरनवाडी, उद्यमबाग, तिसरं गेट करत जाईपर्यंत मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. गाडीच्या हादऱ्यानं पोटात एकाच जागी कळ येते का, हा प्रश्न बेळगावच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या, डॉक्टरांनीही विचारला. तेव्हा घरच्या कुणाला असं होत असेल तर ती गोष्ट आपणहून सांगा.

कॅज्युअल्टीत नोंदणीला आधार कार्ड, मोबाइल नंबर आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागली. नर्स बैलहोंगलकडची होती, "अक्का, एल्लि नोवु?" म्हणत तिनं ब्लड प्रेशर घेतलं. ड्यूटीवरचे डॉक्टर कन्नड आणि इंग्रजी बोलत होते. माझं कन्नड बाजारापुरतं, पण कागदावरच्या वेळा आणि तापाचे आकडे त्यांनी सरळ केसपेपरवर उतरवून घेतले. संमतिपत्रं कन्नड आणि इंग्रजीत होती. सही करण्याआधी ती वाचून, समजावून सांगायला सांगा. आम्ही सांगितलं, तर तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं मराठीत सगळं नीट सांगितलं, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

रक्त, लघवी, सोनोग्राफी, मग सीटी, असा क्रम होता. रक्तात पांढऱ्या पेशी १५ हजारांच्या वर. साधारणपणे त्या ४ ते ११ हजारांच्या दरम्यान असतात. सूज दाखवणारी सीआरपी तपासणीही बरीच वाढलेली. लघवीत संसर्ग नव्हता. सोनोग्राफीत खडा नाही, गर्भाशय आणि अंडाशय ठीक, पण आतड्यातल्या वायूमुळे डावीकडचं नीट दिसत नाही, असं लिहून आलं. हे वाचून ह्यांना जरा हायसं वाटलं, "काहीच नाही म्हणतायत," म्हणाले. सोनोग्राफी साफ आली म्हणून घरी परतू नका, एवढं या ठिकाणी कळकळीनं सांगते. या आजारात खात्री सीटीनंच होते.

सीटीच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते, बघतात, कारण चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्टचं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ॲलर्जी आहे का, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे का, हेही विचारतात. तोंडावाटे प्यायला औषध मिसळलेलं लिटरभर पाणी दिलं, ते तासाभरात थोडं थोडं घ्यायचं होतं. उलटीची भावना असताना ते पाणी जड गेलं. मशिनमध्ये शिरेतून औषध सोडलं की अंगभर गरम लाट येते आणि आपल्याला लघवी झाली की काय असं वाटतं. टेक्निशियननं ते आधी सांगितलं नसतं तर मी घाबरले असते. सीटीचे सुमारे साडेसात हजार झाले आणि भरती होताना २० हजार डिपॉझिट भरलं. दुपारी पोचलो होतो, स्कॅन संध्याकाळी झाला आणि रिपोर्ट रात्री आला.

रिपोर्ट यायच्या आधीचे ते तास सगळ्यात वाईट गेले. आतड्याचं काहीतरी आहे एवढंच कानावर पडलं होतं, आणि आतडं म्हटल्यावर माझ्या मनात एकच आजार येत होता. ह्यांना बोलले नाही. तेही बोलले नाहीत. पुण्याहून मुलगा सारखा फोन करत होता.

बुधवारी सकाळी सर्जननी राउंडला कागदावर आतडं काढून दाखवलं. सायकलच्या ट्यूबला एखाद्या जागी कमजोरी आली की तिथे फुगा येतो, तशा आतड्याच्या भिंतीला वयानं, आतल्या दाबानं पिशव्या येतात. त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. रक्तवाहिन्या भिंतीतून आत शिरतात तिथे ती मुळात नाजूक असते, म्हणून पिशव्या त्याच जागी येतात. नुसत्या पिशव्या असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. तो कित्येकांना असतो आणि बहुतेकांना जन्मभर काही त्रास होत नाही. त्यातली एखादी सुजली, तिथे बारीक छिद्र पडून संसर्ग झाला, की डायव्हर्टिक्युलायटिस. माझ्या रिपोर्टमध्ये सिग्मॉइडची भिंत जाडावलेली, भोवतालच्या चरबीत सूज, पण गळू नाही आणि आतड्याबाहेर हवा नाही, असं होतं. ही शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. गळू मोठं असेल तर सुई घालून पू काढावा लागतो. छिद्र मोठं होऊन पू किंवा मळ पोटात पसरला तर तातडीनं ऑपरेशन, आणि कधी कधी काही महिने पोटावर शौचाची पिशवी. अशा अवस्थांची क्रमवारी हिंची या नावानं ओळखली जाते. माझं प्रकरण त्या पायऱ्यांच्या अलीकडचं, बिनगुंतागुंतीचं होतं.

डावीकडचं दुखणं ही ठरलेली खूण असली तरी सगळ्यांना तसंच होईल असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. आशियातल्या लोकांमध्ये, विशेषतः पूर्व आशियात, या पिशव्या उजव्या बाजूलाही बऱ्याच आढळतात, आणि तिथे सुजल्या की हुबेहूब अपेंडिक्ससारखं दुखतं. बद्धकोष्ठ होतं तसे कुणाला जुलाबही होतात. फार वयस्कर माणसं, मधुमेही, स्टेरॉइड घेणारे यांच्यात ताप आणि दुखणं दोन्ही दबून राहू शकतं. त्यांच्या बाबतीत दुखणं कमी आहे म्हणून थांबू नये.

वॉर्डात आधी तोंडावाटे काहीच नाही, फक्त सलाइन. शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिक्स. मेट्रोनिडॅझोलनं तोंडाला धातूची चव येते, पाणीसुद्धा गोड लागत नाही. गुरुवारी ताप उतरला. नारळपाणी, भाताची पेज, वरणावरचं पाणी असं सुरू झालं. सौम्य आजारात हल्ली काही रुग्णांना अँटिबायोटिक न देताही लक्ष ठेवून बरं करतात, पण ताप आणि वाढलेल्या पेशी पाहता मला ते लागलंच असतं.

आता कागदपत्रांचं. आमचा खासगी मेडिक्लेम होता, कॅशलेससाठी अर्ज बुधवारी गेला. कंपनीकडून दोन शंका आल्या. एक, हा आजार पॉलिसी घेण्याआधीपासून होता का. त्यावर सर्जननी "पहिलाच झटका, आधीचा इतिहास नाही" असं लेटरहेडवर लिहून दिलं. दुसरी, नावाची. आधारवर माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आणि पॉलिसीवर दुसरं. आपल्या भागात हे फार जणांचं असतं, कारण मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं असतं. स्वतःच्या सहीचं निवेदन आणि पॅन कार्ड देऊन ते मिटलं. पण शुक्रवारी १५ ऑगस्टची सुट्टी आली आणि मंजुरी शनिवारी दुपारपर्यंत लटकली. डिस्चार्ज सकाळी लिहिला होता, बाहेर पडलो दिवेलागणीला. पॉलिसी असेल तर सगळ्यांची स्पेलिंगं आजच जुळवून बघा. आजारपणात ते काम नको. बिल सुमारे ४२ हजार झालं.

शेजारच्या खाटेवर नंदगडकडच्या एक आजी होत्या, त्यांचं बीपीएल रेशन कार्ड होतं आणि उपचार आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत चालले होते. त्यात बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्ड असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखांपर्यंत. एरवी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, तातडीच्या रुग्णाला त्यासाठी अडवत नाहीत. रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरवर आधार आणि रेशन कार्ड घेऊन पहिल्याच दिवशी जावं. महाराष्ट्र सरकारनंही सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे बरं असतानाच विचारून ठेवावं.

घरी आल्यावर गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. सुरुवातीला मऊ भात, तूप, मुगाचं वरण, दुधी, ताक. सूज असताना कोंडायुक्त खाणं कमी ठेवायचं आणि उतरल्यावर हळूहळू वाढवायचं. इथे घरात गोंधळ होता, कारण चार माणसं चार गोष्टी सांगत होती. २७ तारखेला गणपती आले तेव्हा उकडीचे मोदक चालतात का इथपासून चर्चा. मोदक चालले. ज्वारीची भाकरी सप्टेंबरपासून पुन्हा सुरू झाली. मला सगळ्यात जास्त चिंता चटण्यांची होती. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी नसेल तर आमच्याकडे ताट पुरं होत नाही, आणि एका नातेवाइकांनी ठामपणे सांगितलं होतं की बिया पिशवीत अडकतात, आयुष्यभर बंद. पुढच्या तपासणीला सर्जनना विचारलं. ते म्हणाले, हा जुना समज आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या, आणि दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांमध्ये हा आजार वाढलेला दिसला नाही. रोजच्या जेवणात भाज्या, कडधान्यं, भाकरी, भरपूर पाणी, चालणं, आणि दुखण्याच्या गोळ्या ऊठसूट न घेणं, यावर भर द्या म्हणाले. तंबाखू-सिगारेट आणि वाढलेलं वजन यांचाही या आजाराशी संबंध आहे.

राहिली होती कोलोनोस्कोपी, म्हणजे शौचाच्या वाटेनं कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी. सूज असताना ती करत नाहीत, छिद्र पडायची भीती असते. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात, आणि ती चुकवायची नसते, कारण सीटीत जाडावलेली भिंत कधी कधी कर्करोगाचीही असू शकते. हे सर्जननी डिस्चार्जच्या वेळीच सांगितलं होतं. त्यामुळे मधले सगळे आठवडे, गणपती, नवरात्र, दसरा, हा विचार मनाच्या तळाशी होता. पोट अजिबात दुखत नव्हतं, तरीही.

तारीख मिळाली मंगळवार, ७ ऑक्टोबर. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक द्रव पदार्थ. शहाळं, गाळलेलं लिंबूपाणी, भाजीचं गाळलेलं पाणी. लाल रंगाचं सरबत नाही, दूध नाही. नेमकी त्या रात्री कोजागिरी. गच्चीवर शेजारी दूध आटवत होते आणि मी खाली पोट साफ करायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर घातलेलं दोन लिटर पाणी घोट घोट पीत होते. फ्रिजमध्ये थंड करून प्यायलं तर जातं, आणि मधे लिंबाची फोड चोखावी. पहिला ग्लास संपून बराच वेळ काही होत नाही, मग एकदा सुरू झालं की बाथरूमच्या जवळच राहावं लागतं. शेवटी पिवळसर पाणी दिसायला लागलं की पोट साफ झालं समजायचं. तपासणीला गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे सोबत माणूस हवाच, आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही. खर्च साडेसहा हजारांच्या आसपास.

जाग आली तेव्हा डॉक्टर ह्यांच्याशी बोलत होते. सिग्मॉइडमध्ये बऱ्याच पिशव्या, सूज पूर्ण उतरलेली, गाठ नाही, पॉलिप म्हणजे आतल्या अस्तराला येणारा कोंबही नाही. ह्यांनी ते मला लगेच दोनदा सांगितलं. मी तिथेच रडले.

झटका पुन्हा येऊ शकतो. बहुतेकांना येत नाही, पण काहींना येतो. म्हणून केव्हा परत यायचं हे मी डॉक्टरांकडून लिहून घेतलं: त्याच जागी एक दिवसाहून जास्त टिकणारं दुखणं, सोबत ताप. थांबण्यासारखं नसलेलं, म्हणजे सरळ कॅज्युअल्टीत जाण्यासारखं: दुखणं अचानक सगळ्या पोटात पसरणं, पोट कडक होणं, उलट्या थांबत नाहीत आणि वाराही सरत नाही, शौचावाटे भरपूर रक्त, थंडीसह जोराचा ताप. लघवीतून हवेचे बुडबुडे किंवा मळासारखं काही जाणं हेही त्यात आहे. आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट झाल्याची ती खूण असते.

कोलोनोस्कोपीचे पैसेही मेडिक्लेममधून मिळाले. बहुतेक पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांचा त्याच आजाराचा खर्च धरतात, आणि माझी तारीख त्यात बसत होती. तुमची पॉलिसी बघून तारीख घ्या. क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्डाची प्रत, कोलोनोस्कोपी लिहून दिलेली चिठ्ठी, मूळ पावती आणि रिपोर्ट, रद्द केलेला चेक, एवढं कुरिअरनं पाठवलं. चिठ्ठीवर आजाराचं नाव नव्हतं म्हणून फाइल एकदा परत आली, ते लिहून घेऊन पुन्हा पाठवली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे खात्यावर जमा झाले, ग्लोव्हज आणि इतर किरकोळ सामानाचे वजा करून.